शीत संमीलन आणि सैल सोडलेले स्थिरांक

इलेक्ट्रॉन आहे त्याहून पाच ते दहा पट जड असता, तर १९८९ मध्ये युटा विद्यापीठातून झालेला दावा खरा ठरू शकला असता. स्टीव्हन कूनिन आणि मायकेल नाउएनबर्ग या दोन सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये हे गणित मांडले. शीत संमीलनाच्या वादात भौतिक स्थिरांक कसे ओढले गेले, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स या विद्युत-रसायनशास्त्रज्ञांनी २३ मार्च १९८९ रोजी सॉल्ट लेक सिटीत पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात पॅलेडियमचा ऋणाग्र आणि प्लॅटिनमचा धनाग्र ठेवून वीज सोडली की रासायनिक क्रियांतून येऊच शकणार नाही इतकी उष्णता मिळते, आणि पॅलेडियममध्ये शिरलेल्या ड्यूटेरियमच्या केंद्रकांचे संमीलन हे तिचे कारण आहे, असे त्यांनी सांगितले. कूनिन आणि नाउएनबर्ग यांनी साधा प्रश्न विचारला. ड्यूटेरियमच्या रेणूत शेजारी बसलेली दोन केंद्रके आपणहून कितीदा एकत्र येतात? उत्तर आले: एका रेणूमागे दर सेकंदाला ३ भागिले १० चा ६४ वा घात. सूर्याच्या वस्तुमानाइतके ड्यूटेरियम घेतले तरी चार महिन्यांत जेमतेम एक संमीलन, असा त्याचा अर्थ होतो. धातूत शिरल्याने ही स्थिती आपोआप सुधारत नाही. रेणूतल्या दोन केंद्रकांमध्ये ०.०७४ नॅनोमीटर अंतर असते, तर पॅलेडियमच्या जालकात शेजारच्या दोन ठरलेल्या जागांमध्ये सुमारे ०.२८ नॅनोमीटर. म्हणजे धातूत गेलेली केंद्रके एकमेकांपासून लांबच जातात.

वेग इतका कमी का, याचे उत्तर जॉर्ज गॅमॉने १९२८ मध्ये किरणोत्साराच्या संदर्भात केलेल्या गणितात आहे. दोन धनभारित केंद्रके एकमेकांना दूर लोटतात. हा अडथळा चढून जाण्याइतकी ऊर्जा नसली तरी पुंजयामिकीनुसार पलीकडे निघण्याची थोडी शक्यता उरते. त्या शक्यतेच्या सूत्रात केंद्रकांची ऊर्जा, त्यांचे वस्तुमान आणि विद्युतबलाची ताकद सांगणारा सूक्ष्म-रचना स्थिरांक, म्हणजे १ भागिले १३७.०३६, हे सगळे घातांकात येतात. घातांकातली संख्या थोडी हलली की उत्तर कुठल्या कुठे जाते. दोन ड्यूटेरॉनांसाठी, म्हणजे ड्यूटेरियमच्या केंद्रकांसाठी, परिणामी ऊर्जा २५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली तर गॅमॉचा गुणक १० च्या उणे ८६ व्या घाताच्या आसपास येतो. ३०० धरली तर उणे २५ व्या. एकच आकडा बारा पट केला आणि उत्तरात सुमारे ६१ शून्यांचा फरक पडला.

या वादाचे मूळ मला इथे दिसते. एखादा स्थिरांक सैल सोडण्याची मुभा ज्याला मिळते, त्याला हवा तो वेग काढून दाखवता येतो. म्हणून नुसता वेग जुळला याला पुराव्याचे वजन नाही. स्थिरांकाबद्दलचा प्रस्ताव तपासायचा तो दुसऱ्या ठिकाणी. तोच बदल तिथे काय दाखवायला हवा आणि तिथे प्रत्यक्ष काय दिसते, हे पाहायचे.

अशा तपासणीचा सुंदर नमुना आफ्रिकेतल्या गॅबन देशात ओक्लो येथे आहे. तिथल्या युरेनियमच्या खाणीत सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी निसर्गतःच अणुभट्ट्या चालल्या होत्या, हे १९७२ मध्ये उघडकीस आले. सामेरियम-१४९ हे केंद्रक एका अत्यंत नेमक्या ऊर्जेचे न्यूट्रॉन गिळते, आणि ती ऊर्जा सूक्ष्म-रचना स्थिरांकातल्या बारीकशा फरकानेही सरकली असती. खाणीत उरलेल्या सामेरियमच्या प्रमाणावरून अलेक्झांडर श्ल्याख्टर यांनी १९७६ मध्ये आणि पुढे तिबो दामूर व फ्रीमन डायसन यांनी १९९६ मध्ये निष्कर्ष काढला की, दोन अब्ज वर्षांत हा स्थिरांक कोटीत एखाद्या भागापेक्षा जास्त बदललेला नाही. म्हणून शीत संमीलनाचे बहुतेक गंभीर समर्थक मूळ स्थिरांकांना हात लावत नाहीत. धातूच्या आत एखाद्या राशीचे परिणामी मूल्य वेगळे होते, असे ते म्हणतात. अशा मूल्यांपैकी सर्वांत जुने म्हणजे जड इलेक्ट्रॉनचे.

जड इलेक्ट्रॉन मिळाला तर थंडीतही संमीलन होते, याबद्दल शंका नाही. म्यूऑन हा कण इलेक्ट्रॉनसारखाच, पण २०७ पट जड. चार्ल्स फ्रँक आणि आंद्रेई साखारोव यांनी १९४० च्या दशकात त्याच्याबद्दल भाकीत केले आणि लुई अल्वारेझ यांच्या बर्कलीतल्या गटाला १९५६ मध्ये ते घडताना दिसले. म्यूऑन इलेक्ट्रॉनची जागा घेतो, रेणू त्या प्रमाणात आक्रसतो आणि केंद्रके झटक्यात एकत्र येतात. पण म्यूऑन २.२ मायक्रोसेकंदांत नष्ट होतो आणि तो तयार करायला लागणारी ऊर्जा त्याने घडवलेल्या संमीलनांतून भरून येत नाही. घनभौतिकीतही ‘जड’ इलेक्ट्रॉन आहेत. सिरियम आणि युरेनियमच्या काही संयुगांत इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान शेकडो पट भरते. मात्र हे वस्तुमान अनेक अणूंच्या पल्ल्यावर इलेक्ट्रॉन किती संथपणे प्रतिसाद देतो याचे माप आहे. केंद्रकाजवळ, अणूच्या व्यासाहून लहान अंतरावर, तो इलेक्ट्रॉन नेहमीच्याच वस्तुमानाने वागतो. तसे नसते तर त्या संयुगांतले अणू शेकडो पट लहान दिसले असते.

२००६ मध्ये ॲलन विडम आणि लुईस लार्सन यांनी हीच कल्पना वेगळ्या वाटेने नेली. संमीलनच नको, धातूच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन प्रोटॉनला मिळून न्यूट्रॉन तयार होतो आणि विद्युतभार नसलेला तो न्यूट्रॉन कोणत्याही केंद्रकात सहज शिरतो, असे त्यांनी मांडले. यासाठी ७.८ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट कमी पडतात, म्हणून पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान किमान २.५३ पट व्हावे लागते. २.५३ ही संख्या न्यूट्रॉन आणि प्रोटॉनच्या वस्तुमानांतल्या फरकावरून सरळ निघते. त्यामुळे हा सिद्धांत इतरांपेक्षा सुबक वाटतो आणि मोठ्या संस्थांतूनही त्याला श्रोते मिळाले. पण इतकी ऊर्जा एका इलेक्ट्रॉनपाशी गोळा करणारे विद्युतक्षेत्र त्या पृष्ठभागावर कुठून येते, याचे समाधानकारक उत्तर नाही. लुचानो मयानी यांच्यासह काही इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये हेच गणित पुन्हा केले, तेव्हा एवढ्या मोठ्या परिणामाला फारशी जागा उरत नाही असे त्यांना आढळले.

रँडेल मिल्स यांनी १९९१ पासून मांडलेला ‘हायड्रिनो’ याहून धाडसी आहे. हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनच्या पायऱ्या १, २, ३ अशा पूर्णांकांनी मोजतात. मिल्स म्हणतात की १ च्या खाली १/२, १/३ अशा पायऱ्या आहेत आणि त्या १/१३७ पर्यंत जातात. सूक्ष्म-रचना स्थिरांक इथे तळाची पायरी म्हणून येतो. पहिल्याच खालच्या पायरीवर बंधनऊर्जा १३.६ ऐवजी ५४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट झाली असती. मिल्स यांनी यावर कंपनी काढली, भांडवल उभे केले, पेटंट मिळवले. पण हायड्रोजन हा विज्ञानाने सर्वांत बारकाईने मोजलेला अणू आहे. त्याच्या पहिल्या दोन पातळ्यांमधील वारंवारता म्युनिकजवळच्या गार्शिंगमध्ये सुमारे १५ अंकांपर्यंत मोजली गेली आहे आणि ती प्रचलित सिद्धांताशी जुळते. विश्वातला सर्वाधिक आढळणारा अणू अब्जावधी वर्षे खालची पायरी मोकळी ठेवून वरच थांबून राहिला, हे मला पटत नाही. डिरॅकच्या समीकरणातून केंद्रकाला जवळजवळ चिकटलेल्या, सुमारे ५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट बंधनाच्या खोल कक्षा काढणारे काही लेखकही आहेत. समीकरणाची जी उत्तरे केंद्रकापाशी अनंताकडे जातात म्हणून पाठ्यपुस्तके टाकून देतात, तीच ते ठेवतात.

अंतराबद्दलचे प्रस्ताव मी थोडक्यात उरकतो. स्वीडनमधील लाइफ होल्मलिड यांनी २.३ पिकोमीटर अंतरावर ड्यूटेरियमची केंद्रके असलेला अतिघन पदार्थ मिळाल्याचा दावा केला. साध्या रेणूपेक्षा हे अंतर तीसपटींहून कमी आहे. इतक्या घन पदार्थाचा नमुना दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे तपासला जाईपर्यंत तो आकडा बाजूला ठेवावा. फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी स्वतःही पहिल्या निबंधात ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या फरकावरून १० चा २६ वा घात इतक्या वातावरणांचा समतुल्य दाब सांगितला होता. कागदावर निघालेल्या त्या संख्येइतका दाब धातूत प्रत्यक्ष नसतो, हे विद्युत-रसायनशास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिले.

अडथळा कसाबसा ओलांडला तरी पुढे काय घडायला हवे, हा याहून कठीण प्रश्न आहे आणि इथे आपला महाराष्ट्र खरोखरच येतो. दोन ड्यूटेरॉन एकत्र आले की साधारण निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन, निम्म्या वेळा हीलियम-३ आणि न्यूट्रॉन मिळतात. हीलियम-४ आणि गॅमा किरण ही तिसरी वाट कोटीत एखाद्या वेळी. या हिशेबाने एका वॉटमागे सेकंदाला सुमारे १० चा १२ वा घात इतके न्यूट्रॉन निघायला हवेत, आणि जवळ उभ्या माणसाला ते घातक ठरावेत. युटात तसे काहीच झाले नव्हते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार संचालक असताना अनेक गटांनी हे प्रयोग केले. डिसेंबर १९८९ मध्ये अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला ‘बीएआरसी-१५००’ हा अहवाल निघाला. त्यात ट्रिटियम सापडल्याचे म्हटले होते, पण न्यूट्रॉन मात्र अत्यंत कमी: एकेका न्यूट्रॉनमागे कोट्यवधी ट्रिटियम अणू. म्हणजे दोन वाटांचे जवळजवळ समसमान गुणोत्तर इथे आठ शून्यांच्या आसपास बिघडले होते.

ट्रॉम्बेत केलेले हे काम प्रामाणिक आणि कष्टाचे होते, असे माझे मत आहे. पण गुणोत्तर सैल सोडून ते समजावता येत नाही, कारण ट्रिटियमच स्वतः साक्ष देते. नेहमीच्या वाटेने जन्मलेले ट्रिटियम केंद्रक सुमारे १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने सुटते. ड्यूटेरियमने भरलेल्या धातूत थांबेपर्यंत लाखांत एखाद-दुसरे केंद्रक ड्यूटेरॉनवर आदळून १.४ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा न्यूट्रॉन सोडते. म्हणून कोटीमागे एकच न्यूट्रॉन दिसत असेल तर ट्रिटियम जवळजवळ ऊर्जेविनाच जन्मले असले पाहिजे, किंवा आधीपासून तिथे असले पाहिजे. जड पाण्याच्या अणुभट्ट्या असलेल्या परिसरात दुसऱ्या शक्यतेचा कसून निकाल लावणे भाग होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर ते काम थांबले आणि निकाल अर्धवट राहिला.

ऊर्जा कुठे जाते यावर नोबेल विजेते जुलियन श्विंगर यांनीही विचार केला. गॅमा किरणाऐवजी ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांत वाटली जाते, असे त्यांनी सुचवले. त्यांचे निबंध नाकारले गेले तेव्हा त्यांनी अमेरिकन फिजिकल सोसायटीचे सदस्यत्व सोडले. एमआयटीचे पीटर हॅगलस्टाइन यांनी ही कल्पना चिकाटीने पुढे नेली आहे. अडचण प्रमाणाची आहे. २.४ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ही ऊर्जा कंपनाच्या ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वाट्यांत वाटायची तर जवळजवळ ५० कोटी वाटे करावे लागतात. उत्तेजित हीलियम केंद्रक १० च्या उणे २१ व्या घाताइतके सेकंदही टिकत नाही, आणि जालकाचे एक कंपन त्यामानाने कोटीपट सावकाश असते.

सिद्धांतकारांचे स्थिरांक चर्चेत राहतात. प्रयोगकर्त्यांचे स्थिरांक वहीच्या पहिल्या पानावर लिहिले जातात आणि पुन्हा तपासले जात नाहीत. जास्तीची उष्णता म्हणजे दोन मोठ्या संख्यांमधली वजाबाकी. जड पाण्याच्या विघटनात १.५४ व्होल्टचा वाटा वायूंबरोबर बाहेर जातो असे धरून तो दिलेल्या विजेतून वजा करतात. ते ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन घटातच पुन्हा जुळले तर वजा केलेली उष्णता घटातच मिळते आणि ‘जास्तीची’ म्हणून नोंदली जाते. कॅलरीमीटरच्या अंशांकन स्थिरांकाबद्दल सॅव्हाना रिव्हरच्या प्रयोगशाळेतील कर्क शॅनाहन यांनी २००२ मध्ये शीत संमीलनाचे संशोधक एडमंड स्टॉर्म्स यांच्या आकड्यांवर दाखवले की, उष्णता घटाच्या एका भागातून दुसऱ्या भागात सरकली आणि हा स्थिरांक काही टक्के हलला, तरी जास्तीची उष्णता नाहीशी होते. शीत संमीलनाच्या संशोधकांनी यावर सविस्तर उत्तर दिले आहे आणि तो वाद संपलेला नाही. शीत संमीलनाने उष्णता देते असा दावा असलेल्या आंद्रेआ रॉसी यांच्या यंत्राची २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानोत चाचणी झाली, तेव्हा सगळा निकाल ॲल्युमिनाच्या उत्सर्जकतेवर टेकला होता. कॅमेरा ज्या अवरक्त पट्ट्यात पाहत होता तिथली उत्सर्जकता वापरायची, तिथे सर्व तरंगलांबींची सरासरी वापरली गेली. त्यामुळे तापमान जास्त निघाले आणि तिप्पट ऊर्जेचा दावा उभा राहिला.

या सगळ्यात मला भरवशाची वाटणारी एक संख्या आहे, कारण ती कुणालाच सैल सोडता येत नाही. उष्णता खरोखर ड्यूटेरियमपासून हीलियम-४ होऊन येत असेल, तर एका वॉटमागे सेकंदाला २.६ गुणिले १० चा ११ वा घात इतके हीलियमचे अणू जमलेच पाहिजेत. मार्ग कोणताही असो. चायना लेक येथील अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत मेल्व्हिन माइल्स यांनी उष्णता आणि हीलियम एकत्र मोजून दोन्हींमध्ये संबंध असल्याचे म्हटले. हवेत हीलियम दहा लाखांत ५ भागांपेक्षा थोडे जास्त असते आणि काचेतूनही ते झिरपते. बर्लिनमध्ये फ्रित्झ पानेथ आणि कुर्ट पीटर्स यांनी १९२६ मध्ये पॅलेडियममध्ये हायड्रोजनचे हीलियम झाल्याचे जाहीर केले होते आणि पुढच्याच वर्षी, काच व हवेतले हीलियम लक्षात आल्यावर, ते मागे घेतले. धातूची भांडी, हवेच्या पातळीच्या वर चढत जाणारे हीलियम आणि उष्णतेशी २.४ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा मेळ, हे सगळे स्वतंत्र प्रयोगशाळांत वारंवार दिसले तर माझ्यासारखा संशयी माणूसही मत बदलेल.

आता राहिला तो भाग, जिथे वादातून खरे विज्ञान निघाले. धातूतले इलेक्ट्रॉन दोन केंद्रकांमध्ये आडोसा धरतात आणि अपकर्षण थोडे कमी करतात. ही आडोशाची ऊर्जा त्वरकाने मोजता येते: काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे ड्यूटेरॉन धातूवर मारायचे आणि संमीलन अपेक्षेपेक्षा किती जास्त होते ते पाहायचे. वायुरूप ड्यूटेरियममध्ये ती २५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास निघते आणि सिद्धांताशी जुळते. धातूंत मात्र ती अपेक्षेच्या पलीकडे जाते. बर्लिनमध्ये कोनराड चेर्स्की यांच्या गटाला टँटलममध्ये ३०० च्या वर, जपानच्या तोहोकु विद्यापीठात जिरोहता कासागी यांच्या गटाला पॅलेडियममध्ये ३१०, तर जर्मनीतील क्लाउस रोल्फ्स यांच्या गटाला पॅलेडियममध्ये ८०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळाले. बर्कलीत थॉमस शेंकेल यांच्या गटाने २०१९ मध्ये १,००० च्या आसपासचे मूल्य सुचवले, त्यात २५० ची अनिश्चितता होती. एकाच धातूसाठी तिप्पट फरक असलेली ही मूल्ये पृष्ठभागावरचा ऑक्साइड, स्फटिकातले दोष आणि ड्यूटेरियमची घनता यांच्यावर अवलंबून असावीत. हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या झोतात मोजलेले मूल्य खोलीच्या तापमानाला, म्हणजे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टला, जसेच्या तसे लावता येत नाही. तसे केले तर वर सांगितलेली ६१ शून्ये आयतीच मिळतात. तरीही ही संख्या मोजता येते, दुसऱ्याला पडताळता येते आणि ताऱ्यांच्या भौतिकीतही ती लागते.

केंद्रकाला बाहेरचा इलेक्ट्रॉन कधीच जाणवत नाही, हे विरोधकांचे आवडते वाक्यही तितकेसे खरे नाही. बेरिलियम-७ चे अर्धायुष्य ५३ दिवसांचे. आजूबाजूच्या पदार्थानुसार ते सुमारे टक्काभर बदलते, आणि कोलकात्यातही अशी मापने झाली आहेत. रेनियम-१८७ चे अर्धायुष्य ४२ अब्ज वर्षे आहे. जर्मनीत डार्मश्टाट येथे १९९६ मध्ये त्याचे सगळे इलेक्ट्रॉन काढून घेतले तेव्हा ते ३३ वर्षांवर आले. हे दोन्ही परिणाम प्रचलित स्थिरांकांनीच समजतात, एकही नवा आकडा न घेता.

गूगलने पैसे पुरवलेल्या गटाने अनेक वर्षे काम करून २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले की शीत संमीलनाचा पुरावा मिळाला नाही. त्याच मंडळींपैकी कर्टिस बर्लिंगेट यांच्या कॅनडातील गटाने २०२५ मध्ये दाखवले की, पॅलेडियम विद्युत-रासायनिक पद्धतीने ड्यूटेरियमने भरला तर त्यावर आदळणाऱ्या झोतामुळे होणारे संमीलन सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. त्यांनी न्यूट्रॉन मोजले, उष्णतेवर काही टेकवले नाही. पहिला निकाल नकाराचा, दुसरा माफक. पण दोन्ही तपासता येण्याजोगे आहेत.

ऊर्जेचा स्रोत म्हणून शीत संमीलन आजवर सिद्ध झालेले नाही आणि जड इलेक्ट्रॉन किंवा हायड्रिनो त्याला तारू शकत नाहीत. धातूतल्या आडोशाचे काम मात्र आपल्याकडे व्हायला हवे. त्याला लागतो काही किलोव्होल्टचा आयन-स्रोत, चांगली निर्वात पोकळी, स्वच्छ पॅलेडियम, ड्यूटेरियम आणि न्यूट्रॉन मोजणारा अनुभवी हात. जड पाणी बनवणाऱ्या आघाडीच्या देशांत असलेल्या आपल्याला यातले काहीच अप्राप्य नाही. ‘बीएआरसी-१५००’ आजही कोणालाही वाचता येतो. महाराष्ट्रातल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी तो पदव्युत्तर वर्गात वाचायला द्यावा, ट्रिटियम आणि न्यूट्रॉनचे आकडे विद्यार्थ्यांकडून पुन्हा काढून घ्यावेत, आणि ट्रॉम्बेने त्या वेळच्या मूळ नोंदी अभ्यासकांसाठी खुल्या कराव्यात.